रीफ टँकसाठी समुद्रफूल निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रीफ टँक म्हणजे प्रवाळ आणि इतर समुद्री जीव पाळण्यासाठीची खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी. तिच्यात क्लाउनफिशची, म्हणजे समुद्रफुलात आसरा घेणाऱ्या माशांची, जोडी रुळली की बहुतेकांचे लक्ष समुद्रफुलाकडे, म्हणजेच छंदाच्या बोलीत अ‍ॅनिमोनकडे, वळते. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न रंगाचा असतो आणि दुसरा किमतीचा. आपला टँक त्या जिवाला वर्षानुवर्षे जगवू शकेल का, हा प्रश्न फार उशिरा, पुष्कळदा तो दगावल्यानंतर विचारला जातो. गेली काही वर्षे पुण्यात घरी रीफ टँक सांभाळताना नव्याने या छंदात आलेल्या मंडळींकडून जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

अ‍ॅनिमोन ही वनस्पती आहे की प्राणी?

प्राणी. प्रवाळ आणि जेलीफिश यांच्या संघातला हा मांसाहारी प्राणी आहे. खडकाला किंवा वाळूखालच्या दगडाला धरून ठेवणारा पाय, त्यावर खोडासारखे शरीर, वर एक चकती, चकतीच्या मध्यभागी तोंड आणि तोंडाभोवती संस्पर्शकांची, म्हणजे मऊ बोटांसारख्या अवयवांची झालर, अशी त्याची रचना असते. तोंड एकच असल्यामुळे अन्न जिथून आत जाते तिथूनच न पचलेला भागही बाहेर पडतो. संस्पर्शकांमध्ये सूक्ष्म दंशपेशी असतात. भक्ष्याचा स्पर्श होताच त्यांतून विषारी तंतू सुटतो आणि भक्ष्य बधिर होते.

रीफ टँकमध्ये पाळल्या जाणाऱ्या बहुतेक जातींच्या शरीरात एकपेशीय शैवाल राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा अ‍ॅनिमोनला मिळतो. म्हणजे या प्राण्याला पोटाला घास लागतो तसा ऊनही लागते, आणि टँकमध्ये या दोन्हींची सोय करावी लागते.

तो किती वर्षे जगतो?

माणसाच्या हिशेबाने बघितले तरी पुष्कळ. स्कॉटलंडमधील निसर्गअभ्यासक सर जॉन डॅलियेल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक लहानसा अ‍ॅनिमोन उचलून काचेच्या भांड्यात ठेवला. डॅलियेल गेले, सांभाळणारे हात एकामागून एक बदलले, त्या अ‍ॅनिमोनने शेकडो पिल्ले दिली आणि ‘ग्रॅनी’ या नावाने प्रसिद्ध होऊन तो १८८७ साली मेला. ती थंड पाण्यातली जात होती, हे खरे. पण उष्ण समुद्रातले, क्लाउनफिशला आसरा देणारे अ‍ॅनिमोनही निसर्गात कित्येक दशके जगतात. असा प्राणी आपल्या घरी सहा महिन्यांत मेला, तर त्याचे आयुष्य संपले होते असे म्हणता येत नाही.

टँक चालू केल्यावर किती दिवसांनी अ‍ॅनिमोन आणावा?

माझे उत्तर एक वर्षानंतर असे आहे. सहा महिन्यांतही काहींचे जमते, पण त्या आधी आणू नये याबद्दल अनुभवी मंडळींमध्ये फारसा मतभेद नाही.

अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, म्हणजे टँकचे जैविक चक्र पूर्ण झाले, एवढे माशांना पुरते. अ‍ॅनिमोनला पुरत नाही. पहिल्या वर्षभरात नव्या टँकमध्ये तपकिरी डायटम, मग हिरवे केसाळ शैवाल, मग कधी लालसर चिकट थर अशा लाटा येत राहतात, आणि प्रत्येक लाटेबरोबर पाण्यातले फॉस्फेट, नायट्रेट व क्षारता वरखाली होत असते. मासा अशा चढउतारांतून निभावून जातो. अ‍ॅनिमोनला ना खवले असतात ना कातडीचे कवच. पाण्यात जे असते ते थेट त्याच्या पेशींशी भिडते. दुसरेही एक कारण आहे. टँक जुना होतो तसा टँकवालाही तयार होतो. चाचणी किट न बघताही आज काहीतरी बिघडले आहे हे ओळखता येऊ लागले, की ती वेळ योग्य समजावी.

टँक जुना विकत घेतला असेल, तर त्यात पूर्वी माशांच्या रोगावर तांबेयुक्त औषध वापरले होते का, हे मूळ मालकाला जरूर विचारावे. तांबे खडकात आणि सिलिकॉनच्या सांध्यांत मुरून राहते, हळूहळू पाण्यात उतरते, आणि अपृष्ठवंशी प्राण्यांना अगदी थोड्या मात्रेतही मारते.

पाण्याचे कोणते आकडे सांभाळावे लागतात?

विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६, म्हणजे हजारी सुमारे ३५ भाग क्षार, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस, पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (आम्ल झेलून पीएच टिकवण्याची पाण्याची क्षमता) ८ ते ११ डीकेएच, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. नायट्रेट साधारण ५ ते १० पीपीएम (दशलक्षात इतके भाग) असले तरी चालते, किंबहुना ते अगदी शून्यावर नेण्याचा अट्टहास करू नये, कारण अ‍ॅनिमोनच्या शरीरातल्या शैवालालाही पोषण लागते. या आकड्यांपेक्षाही ते रोज तसेच राहणे महत्त्वाचे असते.

आपल्याकडे खरी अडचण तीन ठिकाणी येते. पहिली गोड्या पाण्याची. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, बोअरवेलच्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट असतात. म्हणून मीठ मिसळण्यासाठी डीआय काडतूस, म्हणजे उरलेले क्षारही शोषून घेणारे फिल्टर, जोडलेल्या आरओचे पाणीच वापरावे आणि टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मापकावर, ते शून्य दिसले पाहिजे. स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा आरओ मिनरल किंवा टीडीएस कंट्रोलर लावून मुद्दाम काही क्षार पाण्यात ठेवतो, त्यामुळे तो जसाच्या तसा चालत नाही.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यात पंप आणि दिव्यांची उष्णता धरून टँकचे पाणी सहज ३१-३२ अंशांवर जाते, आणि काही दिवस तसेच राहिले की अ‍ॅनिमोन आपल्या शरीरातले शैवाल बाहेर टाकून पांढरा पडतो. पुण्यात किंवा नागपुरात हवा कोरडी असल्याने पाण्याच्या पृष्ठभागावर लावलेल्या पंख्याने दोन-तीन अंश उतरतात. मुंबईच्या, कोकणाच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत बाष्पीभवन मंद होत असल्याने पंखा फारसा उपयोगी पडत नाही आणि पाणी थंड करणारा चिलर घ्यावाच लागतो. पंख्याने उडालेले पाणी मात्र रोज भरून काढले पाहिजे. वाफ होते ती पाण्याची, मीठ मागेच राहते, आणि चार दिवस दुर्लक्ष झाले की १.०२५ चे १.०२८ कधी झाले ते कळत नाही. भर घालताना खारे पाणी नव्हे, साधे आरओचे पाणी घालावे. आपोआप भर घालणारे यंत्र ही मला तरी चैन वाटत नाही.

तिसरी अडचण वीज जाण्याची. निदान एक वेव्हमेकर, म्हणजे टँकमध्ये प्रवाह निर्माण करणारा पंप, इन्व्हर्टरवर किंवा बॅटरीवर चालेल अशी सोय हवी, कारण प्रवाह थांबला की बंद टँकमधला प्राणवायू काही तासांतच उतरू लागतो.

दिवा कोणता लागेल?

रीफसाठी बनवलेला निळ्या-पांढऱ्या एलईडीचा दिवा, दिवसाला आठ ते दहा तास. गोड्या पाण्याच्या टँकवरचा साधा दिवा चालणार नाही. पीएआर, म्हणजे शैवालाला उपयोगी पडणारा प्रकाश, मोजण्याची सोय असेल तर बबल टिप या जातीला १५० ते २५० दरम्यानची जागा मानवते, तर मॅग्निफिका किंवा जायगँटिया या जातींना ३०० च्या वरची जागा द्यावी लागते. नवा प्राणी दुकानात मंद प्रकाशात राहिलेला असतो, तेव्हा आल्या दिवशी दिवा पूर्ण जोरात लावू नये. निम्म्यावरून सुरुवात करून तीन-चार आठवड्यांत वाढवत न्यावा.

पहिला अ‍ॅनिमोन कोणत्या जातीचा घ्यावा?

बबल टिप, आणि तोही शक्यतो दुसऱ्या कोणाच्या टँकमध्ये विभागून तयार झालेला.

निसर्गात क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या अ‍ॅनिमोनच्या साधारण दहा जाती आहेत. त्यांतली बबल टिप, शास्त्रीय नाव एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर, ही तांबड्या समुद्रापासून थेट प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत आढळते. आपल्या लक्षद्वीप आणि अंदमानातही ती आहे. एवढ्या वेगवेगळ्या ठिकाणी तगणारी जात टँकमधल्या लहानसहान चुकाही सहन करते. ती खडकाच्या भेगेत पाय रोवते, टँकमध्ये साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत पसरते आणि स्वतःहून दुभंगून वाढते, त्यामुळे समुद्रातून न काढलेले नमुने छंदात उपलब्ध असतात. असा नमुना टँकच्या पाण्याला आणि दिव्याला सरावलेला असतो, आणि समुद्रातून पिशवी, विमान, घाऊक व्यापारी, दुकान असा प्रवास त्याला घडलेला नसतो. १५० लिटरच्या जुन्या, स्थिर टँकमध्ये तो चांगला राहतो. तपकिरी आणि हिरवा रंग स्वस्त, लाल म्हणजे ‘रोज’ महाग, आणि त्यापुढे अनेक रंगांच्या मिश्रणाला वाटेल त्या किमती लावल्या जातात; पण पहिल्या खेपेस तपकिरी घेणाऱ्याचे काही बिघडत नाही. संस्पर्शकांच्या टोकांवरचे फुगे कधी येतात, कधी नाहीसे होऊन संस्पर्शक लांबट दिसतात. तेवढ्यावरून प्राणी आजारी आहे असे समजू नये.

क्लाउनफिश नसतील, किंवा टँक लहान असेल, तर कॅरिबियन समुद्रातला रॉक फ्लॉवर अ‍ॅनिमोन हा फार चांगला पर्याय आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही याचे मला वाईट वाटते. तो १०-१५ सेंटिमीटरच्या पुढे सहसा जात नाही, एकदा जागा पसंत पडली की फारसा हलत नाही आणि टँकमध्ये पिल्लेही देतो.

मग सीबे, कार्पेट, मॅग्निफिका हे का नकोत?

नकोतच असे नाही, पहिल्यांदा नकोत.

सीबे या नावाने आपल्या बाजारात बहुधा हेटरॅक्टिस क्रिस्पा विकला जातो. त्याला वाळूत पाय पुरून खालच्या दगडाला धरायचे असते. जातीने तो कणखर असला तरी दुकानापर्यंत पोहोचणारे नमुने पुष्कळदा पांढरे पडलेले असतात. लाँग टेन्टॅकल अ‍ॅनिमोनला तर १० सेंटिमीटरहून खोल वाळूचा थर लागतो, आणि हल्ली तळ मोकळा ठेवण्याची पद्धत असल्याने तो बहुतेकांच्या टँकमध्ये बसतच नाही.

हॅडोनी कार्पेट दिसायला खरोखर गालिच्यासारखा, आखूड संस्पर्शकांचा आणि विलक्षण चिकट असतो. तो ५० सेंटिमीटरच्या पुढे वाढू शकतो, म्हणजे तीन फुटी टँकचा अर्धा तळ व्यापतो, आणि रात्री वाळूवर झोपणारा किंवा घाबरून त्याच्यावर आदळलेला मासा गिळून टाकतो. जायगँटिया कार्पेट आणि मॅग्निफिका हे उथळ, खळाळत्या, लख्ख उन्हाच्या पाण्यातले रहिवासी आहेत. प्रवासात ते सहज जखमी होतात, संसर्गाला लवकर बळी पडतात, आणि त्यांना ३०० लिटरहून मोठा टँक, प्रखर दिवा व जोरदार प्रवाह लागतो. मॅग्निफिका टँकमधली सर्वांत उंच जागा पकडतो आणि ती पसंत पडेपर्यंत काचेवरून भटकत राहतो. या जाती सांभाळणारी माणसे मला माहीत आहेत. त्यांच्यापैकी प्रत्येकाने आधी काही वर्षे बबल टिप सांभाळला होता.

क्लाउनफिशला अ‍ॅनिमोन लागतोच का?

नाही. समुद्रात अ‍ॅनिमोनशिवाय क्लाउनफिशचा टिकाव लागत नाही, कारण तिथे शिकारी असतात; टँकमध्ये शिकारी नसतात, आणि तिथे जन्मलेली क्लाउनफिश अ‍ॅनिमोनशिवाय आयुष्यभर सुखाने राहते व अंडीही घालते. केवळ माशाला बरे वाटावे म्हणून अ‍ॅनिमोन आणण्याची गरज नाही.

कोणत्या माशाशी कोणता अ‍ॅनिमोन जुळतो?

सर्वांच्या परिचयाचा नारिंगी-पांढरा ऑसेलारिस निसर्गात मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्सी या तीन जातींत राहतो. बबल टिपमध्ये नाही. टँकमध्ये मात्र तो बहुधा बबल टिप स्वीकारतो, कधी तासाभरात, कधी वर्षभराने, आणि कधी अ‍ॅनिमोन सोडून पंपाच्या कोपऱ्यातच घर करतो. त्याला जबरदस्तीने आत ढकलण्याचा काही उपयोग होत नाही. मरून आणि टोमॅटो क्लाउनफिश बबल टिपमध्ये निसर्गतःच राहतात, पण दोघेही स्वभावाने तापट आहेत. भारताच्या किनाऱ्याजवळ आढळणारा सीबे क्लाउनफिश हॅडोनी कार्पेटमध्ये राहतो, सीबे अ‍ॅनिमोनमध्ये नव्हे, हा नावाचा घोटाळा लक्षात ठेवावा. क्लार्की क्लाउनफिश मात्र दहाही जातींत राहताना आढळतो.

एक खबरदारी आवश्यक आहे. मोठे मासे आणि छोटा अ‍ॅनिमोन अशी जोडी करू नये. मासे दिवसभर त्याच्यात लोळतात, त्याला टोचतात, तोंडातला घास ओढून काढतात, आणि नव्याने आलेला अ‍ॅनिमोन उमलतच नाही. तो माशाच्या लांबीच्या निदान दुप्पट पसरलेला असावा.

दुकानात पारख कशी करावी?

घाई न करता आणि दिवे चालू असताना. सर्वांत आधी तोंड बघावे. ते घट्ट मिटलेले असले पाहिजे. तोंड सैल, आ वासल्यासारखे उघडे असेल किंवा आतला भाग बाहेर लोंबत असेल तर तिथेच थांबावे. मग पाय. तो काचेला किंवा दगडाला पक्का धरून असावा, आणि काचेला चिकटलेला असेल तर बाहेरच्या बाजूने तळव्यावर चीर किंवा फाटलेला भाग दिसतो का ते बघता येते. पाय फाटलेला अ‍ॅनिमोन क्वचितच वाचतो. पाय सोडून टँकमध्ये तरंगणारा नमुना तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

त्यानंतर दुकानदाराला कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा चिमट्याने संस्पर्शकांवर ठेवायला सांगावे. निरोगी बबल टिपचे संस्पर्शक तुकड्याला लागताच चिकटतात, आजूबाजूचे त्याच्याकडे वळतात, सगळी चकती त्या बाजूला किंचित दुमडते आणि दोन-तीन मिनिटांत तुकडा तोंडाशी पोहोचतो. तुकडा घरंगळून खाली पडला तर समजावे की या प्राण्यात जोर उरलेला नाही. हे खाणे एकदा प्रत्यक्ष पाहिले की निरोगी आणि खंगलेला यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही.

शेवटी रंग. तपकिरी, हिरवट, मातकट छटा म्हणजे शैवाल शाबूत आहे. टोके जांभळी किंवा गुलाबी असली तरी बुडाकडे ती छटा दिसली पाहिजे. दुधासारखा पांढरा, अर्धपारदर्शक अ‍ॅनिमोन फार मोहक दिसतो, पण तो उपाशी असतो. पसंत पडलेला नमुना आगाऊ रक्कम देऊन आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगावा आणि आठव्या दिवशी तो तसाच टवटवीत असेल तरच घरी आणावा.

पिवळाधमक सीबे मिळतो, तो घ्यावा का?

घेऊ नये. असा पिवळा रंग निसर्गात अत्यंत दुर्मीळ आहे. बाजारात मिळतो तो बहुतेक वेळा पांढऱ्या पडलेल्या अ‍ॅनिमोनला रंगवून आणलेला असतो. माझी सुरुवातीची चूक हीच होती. मुंबईतल्या एका दुकानातून मी लिंबासारखा पिवळा सीबे आणला. तोंड, चकती, खोड, सगळे एकाच पिवळ्या रंगाचे होते, आणि पिशवीतल्या पाण्यालाही पिवळसर झाक होती. हे दोन्ही मी डोळ्यांनी पाहिले, पण त्याचा अर्थ मला त्या वेळी कळला नाही. तीन आठवड्यांत रंग उतरत गेला, खालून काचेसारखे फिकट शरीर दिसू लागले, आणि दोन महिन्यांत तो संपला. रंग प्रकाश अडवतो, शैवाल आधीच गेलेले असते, आणि प्राणी आतून उपाशी मरत असतो. जांभळे, निळे आणि गडद गुलाबी नमुनेही अशाच शंकेने तपासावेत.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशी काय करावे?

पिशवी टँकच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवून तापमान जुळवावे, मग बारीक नळीने टँकचे पाणी थेंबथेंब सोडत तासाभरात क्षारता जुळवावी. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नये. अ‍ॅनिमोन जाळीने उचलू नये, जाळीत संस्पर्शक फाटतात. स्वच्छ धुतलेल्या हाताने किंवा मोजे घालून खालून आधार देत उचलावा.

ज्या खडकात भेग आहे आणि जिथे मध्यम प्रवाह आहे तिथे पाय टेकवावा, आणि पाय धरेपर्यंत तासभर वेव्हमेकर बंद ठेवावा. पहिले चार-पाच दिवस खायला देऊ नये. त्याची जागा आपण ठरवायची नसते. आपण सुचवायची, निवड तो करतो.

तो टँकमध्ये फिरत का राहतो?

जागा पटली नाही म्हणून. प्रकाश कमी पडला तर वर सरकतो, जास्त झाला तर सावलीत जातो, प्रवाह फार लागला तर मागे वळतो. पहिल्या दोन आठवड्यांतली भटकंती स्वाभाविक आहे. स्थिरावलेला अ‍ॅनिमोन महिन्यांनंतर अचानक निघाला तर आधी पाणी तपासावे.

या भटकंतीतला सर्वांत मोठा धोका वेव्हमेकरचा. रात्री सरकता सरकता अ‍ॅनिमोन पंपाच्या पात्यांत ओढला जातो, त्याचे तुकडे सगळ्या टँकभर होतात, आणि सुटलेल्या विषाने व अमोनियाने सकाळपर्यंत मासेही मेलेले असतात. वेव्हमेकर, रिटर्न पंप (फिल्टरमधले पाणी टँकमध्ये परत आणणारा) आणि ओव्हरफ्लो (टँकमधले पाणी बाहेर जाण्याची वाट) यांना फोमचे किंवा बारीक जाळीचे आवरण अ‍ॅनिमोन आणण्याच्या आधीच लावावे. आवरणात घाण साचून प्रवाह मंदावतो, तेव्हा ते आठवड्यातून एकदा धुवावे लागते. टँकमध्ये उघडा हीटर असेल तर त्यालाही पिंजरा हवा.

खायला काय आणि किती द्यावे?

आठवड्यातून एक-दोनदा, त्याच्या तोंडाहून मोठा नसेल एवढा कोळंबीचा किंवा मांदेलीसारख्या समुद्री माशाचा तुकडा, अथवा गोठवलेली मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव. बाजारातली ताजी कोळंबी चालते. सोलून, धुऊन, बारीक कापून गोठवून ठेवावी. मीठ-हळद लावलेली किंवा शिजवलेली नको. मोठा तुकडा दिला तर तो दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला, बुळबुळीत होऊन बाहेर येतो आणि पाणी बिघडवतो. पांढऱ्या पडलेल्या अ‍ॅनिमोनला अगदी छोटे तुकडे, पण अधिक वेळा द्यावेत.

प्रवाळ आणि इतर मासे त्याच्यासोबत राहतील का?

अ‍ॅनिमोनचा स्पर्श झालेले प्रवाळ भाजल्यासारखे होते, म्हणून चहूबाजूंनी निदान १५ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवावी. शक्य असल्यास त्याच्यासाठी वाळूने वेढलेला स्वतंत्र खडकच द्यावा, कारण मोकळी वाळू ओलांडायला बबल टिप सहसा तयार नसतो. फुलपाखरू मासे, पफर, फाइलफिश आणि काही मोठे एंजलफिश अ‍ॅनिमोन कुरतडतात. समुद्रघोडा त्याच्या आसपासही नको. वेगवेगळ्या जातींचे दोन अ‍ॅनिमोन एका टँकमध्ये ठेवणे मी टाळतो.

एका सकाळी एकाचे दोन झालेले दिसले. हे चांगले की वाईट?

दोन्ही असू शकते. चांगला पोसलेला बबल टिप वाढता वाढता मधून ताणला जातो आणि दोन होतो. त्रास झालेला बबल टिपही जगण्याच्या धडपडीत तेच करतो. आधीचे दोन महिने पाणी स्थिर असेल आणि दोन्ही भाग आठवड्याभरात मिटलेल्या तोंडाने उमलले, तर काळजी नको. ब्लेडने कापून अ‍ॅनिमोन वाढवणारे आहेत, पण घरी एकुलता एक नमुना असताना कोणी हा प्रयोग करू नये.

तो आकसला आहे की मेला आहे, हे कसे ओळखावे?

दिवसातून एखाद वेळी मुठीएवढा आकसणे आणि तोंडातून तपकिरी तंतू टाकणे हे निरोगी अ‍ॅनिमोनही करतो. काही तासांत तो पुन्हा फुलतो. दिवसेंदिवस आकसलेला, तोंड उघडे, पाय सुटलेला आणि स्पर्शाला काहीच न चिकटणारा असेल, तर तो जगण्याची शक्यता कमी. मेलेल्याचे शरीर पाण्यात विरघळत चिंध्या होऊ लागते, आणि बाहेर काढून वास घेतला तर शंकाच उरत नाही. अशा वेळी सकाळची वाट न बघता तो तत्काळ काढावा, २५ ते ३० टक्के पाणी बदलावे आणि ताजा सक्रिय कार्बन लावावा. तयार खारे पाणी एका पिंपात नेहमी भरलेले असावे, ते याच रात्रीसाठी.

खडकावर आपोआप उगवलेले छोटे तपकिरी अ‍ॅनिमोन ठेवावेत का?

ते एप्टेशिया या उपद्रवी जातीचे असतात आणि ठेवू नयेत. खरवडून तर मुळीच काढू नयेत; पायाचा कण जरी मागे राहिला तरी त्यातून नवा उगवतो. पेपरमिंट कोळंबी किंवा बर्घिया ही समुद्री गोगलगाय ते खाते.

मुंबईच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर ओहोटीला समुद्रफुले दिसतात. त्यांतले एखादे आणले तर?

कृपा करून आणू नये. मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर ओहोटीच्या डबक्यांत ती दिसतात हे खरे आहे, आणि मुलांना घेऊन, वाकून, हात न लावता बघावीत अशीच ती आहेत. भरती-ओहोटीच्या लयीत वाढलेला तो प्राणी टँकमध्ये फार काळ टिकत नाही, आणि उपटताना त्याचा पाय जवळजवळ नेहमी फाटतो. मालवणचा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथून काहीही उचलणे हा गुन्हा ठरतो. रीफ बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे, हेही येथेच सांगितले पाहिजे; दुकानात ‘लाइव्ह रॉक’ म्हणून कोणी प्रवाळाचा तुकडा दाखवला तर तो घेऊ नये. पावती मागावी आणि प्राणी कुठून आला ते विचारावे. क्लाउनफिशच्या बाबतीत तर समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारणच उरलेले नाही, कारण आपल्या देशात अनेक ठिकाणी त्यांचे कृत्रिम प्रजनन होते.

त्याचा डंख माणसाला बाधतो का?

बबल टिपला बोट लागले तर बहुतेकांना नुसता चिकटपणा जाणवतो, कारण तळहाताची कातडी जाड असते. मनगटाच्या आतल्या बाजूला किंवा कोपराला लागला तर पुरळ उठते. कार्पेटचा डंख चांगलाच झोंबतो. अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी लांब रबरी मोजे घालावेत, आणि हात टँकमध्ये असताना कोणीही डोळे चोळू नयेत.

पुढे तो सांभाळणे शक्य झाले नाही तर काय करावे?

समुद्रात सोडू नये. परक्या समुद्रातला प्राणी आणि त्याच्यासोबतचे रोगजंतू आपल्या किनाऱ्यावर जाता कामा नयेत. जुना टँक असलेल्या एखाद्या अनुभवी माणसाला द्यावा. खडकासकट देता आला तर सर्वांत उत्तम. सुटा करायचा असेल तर ओढू नये: वेव्हमेकरचा झोत काही तास त्याच्या पायाकडे वळवावा, किंवा पातळ पिशवीत गुंडाळलेला बर्फाचा खडा पायाच्या कडेशी धरावा. कड उचलली गेली की बोटाचा पेर, नख न लावता, हळूहळू आत सरकवत न्यावा. याला वीस मिनिटे लागू शकतात. पूर्ण सुटल्यावर तो पाण्यातच पिशवीत घ्यावा, पिशवीत पाणी कमी आणि हवा जास्त ठेवावी, आणि ती थर्माकोलच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचती करावी.